उघड्या दर्यासाठी नवी होडी

होडीविषयी एका शाळामास्तराने लिहावे हे पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. आमचा विषय गणित व शास्त्र. समुद्राशी आमचा जो काही संबंध आला तो मुख्यतः समोर बाकावर बसलेल्या मुलांमार्फत आला. परंतु शापोरा नदीच्या मुखाजवळ वीसेक वर्षे शिकविल्यावर वर्गातील गैरहजेरी आणि दर्याची स्थिती यांचा मेळ मास्तरास आपोआप घालता येऊ लागतो. आणि ज्यांच्या घरी होडी आहे अशा पालकांचे प्रश्नही हळूहळू मास्तराकडे येऊ लागतात. त्यांपैकी एका प्रश्नाने आम्हांस बरेच दिवस कामास लावले. त्यातून जे समजले ते येथे लिहीत आहोत. किनाऱ्यावरील वाचकांपैकी ज्यांस नवी होडी घ्यावयाची असेल त्यांस त्याचा थोडाफार उपयोग होईल, आणि इतरांस निदान आपल्या ताटातील बांगडा कोणत्या तजविजीने येतो ते कळेल.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या नववीच्या वर्गातील एका मुलाचे वडील पावसाळ्यातील एका रविवारी दोन कागद घेऊन घरी आले. फायबरच्या होड्या बांधणाऱ्या दोन कारखानदारांची ती दरपत्रके होती आणि दोन्ही इंग्रजीत होती. "मास्तर, यांतली कुठली बरी, तेवढे वाचून सांगा," एवढेच त्यांचे म्हणणे. कागद वाचणे पाच मिनिटांचे काम होते. परंतु होडी का घ्यावी लागत आहे हे विचारल्यावर त्यांनी जे सांगितले त्यामुळे ते पाच मिनिटांचे काम राहिले नाही.

आदल्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात ते, त्यांचा थोरला मुलगा आणि एक खलाशी असे तिघे सकाळी मासे घेऊन परतत होते. सुकतीची वेळ होती. नदीच्या मुखाशी वाळूचा जो उंचवटा आहे त्यावरून येताना मागून एक लाट होडीत फुटली व इंजिन बंद पडले. दुसऱ्या लाटेने होडी काठोकाठ भरली. जाळे गेले, इंजिन गेले. पण होडी आंब्याच्या लाकडाची होती. ती पाण्याने पूर्ण भरली तरी काठ पाण्याखाली हातभर जाऊन तशीच तरंगत राहिली, आणि तिघे तिला धरून दुसरी होडी येईपर्यंत जवळजवळ दोन तास राहिले. होडी ओढून आणली, परंतु वाळूवर आपटून तिचे अंग असे फाटले होते की दुरुस्ती परवडण्यासारखी नव्हती. आता लाकडाची होडी पुन्हा करावी म्हटले तर तसले आंब्याचे खोड मिळणे कठीण, आणि दर वर्षी काजूच्या टरफलाचे तेल चोपडून तिची निगा राखणारे हातही घरात कमी. म्हणून फायबर.

दोन्ही दरपत्रकांत होडीची लांबी, रुंदी, रंग, इंजिनाची अश्वशक्ती, फायबरचे थर किती हे सारे होते. ती पाण्याने भरली तर पुढे काय होईल याविषयी एकाही कागदावर एक ओळ नव्हती.

पहिली होडी २४ फुटांची, काठाला ठेंगणी, रुंद सपाट तळाची आणि मोठ्या इंजिनाची होती. दुसरी २६ फुटांची, अधिक खोल, लहान इंजिनाची, आणि सव्वा लाखाने महाग. थोरल्या मुलाचे मन पहिलीवर बसले होते. तिचे चित्र आम्हांसही कोठेतरी पाहिल्यासारखे वाटले. खुलासा त्यानेच केला. मोबाईलवर अमेरिकेतील 'बास बोट' नावाच्या ज्या चकचकीत होड्या दिसतात त्यांचा कित्ता कारखानदाराने गिरवला होता.

या अमेरिकन होडीची हकीकत थोडी सांगितली पाहिजे, कारण तिच्यातून आमचा प्रश्न अधिक स्पष्ट झाला. बास हा तिकडील गोड्या पाण्यातला मासा. तो गळाने पकडण्याचा छंद तेथे फार मोठा आहे. १९४८ साली लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथे होम्स थर्मंड नावाच्या गृहस्थाने या छंदासाठी प्लायवुडची 'स्कीटर' ही खास होडी बांधली. तीच या जातीची पहिली होडी मानतात. १९६८ साली फॉरेस्ट वुड यांनी आर्कान्सा राज्यातील फ्लिपिन येथे 'रेंजर' होड्यांचा कारखाना काढला आणि पुढे हा धंदा फोफावला. धरणांच्या जलाशयांत पाण्याखाली बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांजवळ जावयाचे, होडीवर उभे राहून गळ फेकावयाचा, वाऱ्याने होडी ढकलली जाऊ नये, ही त्या होडीची कामे. त्यामुळे काठ ठेंगणे, पुढे-मागे सपाट फळी आणि एका जागेहून दुसरीकडे झटपट जाण्यासाठी प्रचंड इंजिन, असा तिचा घाट ठरला. २१ फुटांच्या होडीस २५० अश्वशक्तीचे इंजिन लावलेले तिकडे सर्रास दिसते.

पण हेच लोक जेव्हा अशा होड्या घेऊन मोठ्या सरोवरांवर गेले तेव्हा त्यांस निराळाच अनुभव आला. ईरी सरोवर सुमारे ३८८ किलोमीटर लांब आहे आणि त्याची सरासरी खोली मात्र केवळ १९ मीटर. एवढ्या मोकळ्या व उथळ पाण्यावर वारा सुटला म्हणजे आखूड आणि उभ्या लाटा उठतात, आणि ठेंगणी सपाट होडी त्यांवर थडाथड आपटते किंवा नाळेवरून पाणी घेते. म्हणून त्या सरोवरांवर जाणारा माणूस होडी निवडताना वेगाच्या आधी तळाचा कोन, काठाची उंची आणि पाणी बाहेर फेकणारे पंप पाहतो. आणखी एक गोष्ट अशी की, वीस फुटांहून लहान, मागे इंजिन टांगलेली होडी पाण्याने भरली तरी आडवी न होता सपाट तरंगत राहिली पाहिजे असा नियम त्या देशात कारखानदारांवर आहे. त्यासाठी होडीच्या पोटात फोम भरतात. आमच्या तरुण मित्रास त्या होडीची चकाकी व वेग दिसला होता. पोटातला फोम चित्रात दिसत नाही, आणि कित्ता गिरविणाऱ्या कारखानदारासही तो दिसला नसावा.

लाटेची गोष्ट येथेच सांगून टाकू. दर्या किती 'मोठा' आहे हे आपण लाटेच्या उंचीवरून सांगतो. होडीस मात्र उंचीइतकाच लाटेचा लांबपणा महत्त्वाचा आहे. एक लाट गेल्यावर दुसरी येईपर्यंत किती सेकंद जातात ते मोजावे. त्या आकड्याचा वर्ग करून १.५६ ने गुणले की खोल पाण्यातील लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. दूरच्या वादळातून आलेली, बारा सेकंदांची, दोन मीटर उंच लाट सव्वादोनशे मीटर लांब असते. तिचा चढ सुमारे ५६ मीटरांस एक मीटर; होडी वर जाते, खाली येते, चहा सांडत नाही. उलट दुपारच्या वाऱ्याने उठलेली चार सेकंदांची, सव्वा मीटर उंच लाट केवळ २५ मीटर लांब असते आणि तिचा चढ दहास एक. आकड्याने लहान असलेली ही लाटच माणसाच्या कंबरेचे हाड मोडते. हैदराबादेतील 'इन्कॉइस' ही संस्था मच्छीमारांसाठी समुद्राचे जे अंदाज देते त्यांत लाटेच्या उंचीबरोबर हे सेकंदही दिलेले असतात. आमचे बरेच पालक उंचीचा आकडा तेवढा पाहतात आणि शेजारचा सोडून देतात.

हे सर्व वाचून आम्ही उत्साहाने एक सल्ला दिला, आणि तो चुकला. ही चूक लपविण्याचे कारण नाही. १९६० साली मायामी ते नासाऊ या मोटारहोड्यांच्या शर्यतीत समुद्र खवळलेला असता रिचर्ड बर्ट्राम यांची 'मॉपी' ही होडी पहिली आली. रे हंट या आराखडाकाराने तिचा तळ इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा केला होता, आणि हा कोन नाळेपासून थेट मागच्या टोकापर्यंत, दोन्ही बाजूंस सुमारे २४ अंशांचा ठेवला होता. सपाट तळ लाटेवर आपटतो. धारदार तळ ती कापीत जातो. त्या शर्यतीनंतर जगभर वेगवान होड्यांचे तळ तसे होऊ लागले. आम्ही कागदावर चित्र काढून सांगितले की असा तळ मिळेल तर डोळे मिटून घ्यावा.

त्या वेळी आमच्या ओसरीवर मुलाचे आजोबाही आले होते. त्यांनी तीस-पस्तीस वर्षे तांडेलकी केलेली. चित्र उलटसुलट पाहून ते म्हणाले, "मास्तर, ही होडी पाण्यात चांगली. पण रात्री ती कुठे ठेवायची? वाळूवर ओढली की कुशीवर झोपणार. आणि जाळे ओढताना आम्ही सगळे एका बाजूला असतो, तेव्हा ही कलणार किती?"

आम्ही निरुत्तर झालो. पुढे पुस्तक पुन्हा उघडल्यावर तिसरे कारणही सापडले. खोल कोनाचा तळ आपला गुण दाखवितो तो वेगात, होडी पाण्यावर उचलली गेल्यावर. लहान इंजिनाची होडी पाण्यावर उचलली जात नाही. पाणी बाजूस सारीत जाते. अशा होडीच्या वेगास लांबीची मर्यादा असते. पाण्याच्या रेषेवर २३ फूट लांबी असेल तर ती मर्यादा साधारण साडेसहा नॉट, म्हणजे ताशी १२ किलोमीटरांच्या आसपास येते. तेवढ्या वेगात २४ अंशांचा कोन लाट कापण्यात फारसा उपयोगी पडत नाही. डुलणे मात्र वाढवितो. तेव्हा आमच्या किनाऱ्याच्या होडीस नाळेकडे धार हवी आणि मागे जाता जाता तळ पसरट होऊन कोन दहा-बारा अंशांवर आला पाहिजे. खाली वाळूची घासण सोसणारी जाड पट्टी हवी. दुसऱ्या दरपत्रकातील होडी साधारण अशीच होती. आजोबांच्या जुन्या होडीस तर डुलण्यावर निराळाच उपाय होता. होडीच्या एका बाजूस आडव्या काठ्यांनी ओंडका जोडलेला असे. त्या उलांडीमुळे अरुंद होडीही कलत नसे. आडवी लाट आली की ओंडक्याचे वजन व तरंगणे दोन्ही कामास येत.

जुन्या होडीचे आणखी एक वैशिष्ट्य आजोबांनीच आमच्या लक्षात आणून दिले, आणि ते आम्हांस फार मोलाचे वाटते. ती दोन्ही टोकांना निमुळती होती. नव्या होडीची पाठ इंजिन टांगावयाचे म्हणून सरळ फळीसारखी कापलेली असते. आता नदीच्या मुखाशी काय घडते ते पाहा. लाट उथळ जागी आली की तिची उंची खोलीच्या साधारण पाऊणपट होताच ती फुटते. दोन मीटर पाण्यावर दीड मीटरची लाट टिकत नाही. त्यात सुकतीचे पाणी समोरून बाहेर धावत असले तर लाटा दाबल्या जाऊन अधिक आखूड व उभ्या होतात. (मांडवीच्या मुखाशी आग्वादचा जो वाळूचा पट्टा आहे तो पावसाळ्यात याच कारणाने जहाजांस बंद होई आणि ती मुरगावच्या बंदरास जात.) दोन मीटर पाण्यात लाटेचा वेग सुमारे साडेआठ नॉट पडतो, आपली होडी साडेसहाने चाललेली. म्हणजे घरी येताना प्रत्येक लाट आपल्याला मागून गाठणार हे ठरलेले. निमुळत्या पाठीवर लाट दुभंगून दोन्हीकडून निघून जाते. सरळ फळीवर ती पूर्ण जोराने आदळते, होडी पुढे लोटते, नाळ पुढच्या लाटेच्या बुडाशी घुसते, आणि होडी गर्रकन आडवी फिरते. बुडालेल्या होड्यांच्या ज्या हकीकती आम्ही मुलांच्या तोंडून ऐकल्या त्यांतील बहुतेक अशाच, दर्यात दूर कोठे नव्हे तर घर दिसू लागल्यावर घडलेल्या.

यावर उपाय काय? फळी तर हवीच, कारण इंजिन हवे. परंतु ती फार रुंद नसावी, खाली गोलाईने निमुळती झालेली असावी, आणि मुख्य म्हणजे उंच असावी. बाहेर टांगण्याच्या इंजिनांचे दांडे मुख्यतः १५ इंची व २० इंची येतात. पंधरा इंची दांड्यासाठी फळी खालपर्यंत कापावी लागते, आणि समुद्राने आत यावयाचे दार आपण स्वतःच उघडून ठेवतो. पहिल्या दरपत्रकातील २४ फुटी होडीस इंजिन मोठे होते आणि दांडा आखूड. दुसरीस वीस इंची दांडा, आणि इंजिनाच्या पुढे एक आडवी भिंत होती. फळीवरून आलेले पाणी या भिंतीपाशी थांबून भोकांवाटे परत बाहेर जाते. नाळ पुढे उंच व वरच्या अंगास फाकलेली असावी म्हणजे तुषार बाहेर फेकले जातात. मात्र ती पाण्यापाशी सुईसारखी बारीक असली तर लाटेत खुपसते. येथे चांगल्या कारागिराची नजर लागते, त्याचा आकडा देता येणार नाही.

काठाची उंची रिकाम्या होडीची मोजू नये. कारखान्याच्या अंगणात होडी नेहमीच उंच दिसते. जाळे, बर्फ, डिझेल अगर रॉकेल, माणसे आणि भरपूर मासे, एवढे सगळे आत असताना काठ पाण्यावर किती राहतो ते विचारावे. कारण आत आलेले पाणी हे नुसते वजन नव्हे. घोटा बुडेल इतके, म्हणजे १५ सेंटिमीटर पाणी पाच मीटर लांब आणि एक मीटर चाळीस सेंटिमीटर रुंद जागेत साचले तर ते एक घनमीटराहून थोडे अधिक होते, आणि समुद्राचे पाणी म्हणून त्याचे वजन सुमारे १,०७५ किलो भरते. सतरा-अठरा माणसे एकदम होडीत चढली म्हणा. माणसे सांगितल्यावर एका जागी बसतात. पाणी जिकडे होडी कलते तिकडेच धावते आणि तिला अधिक कलविते. ज्यांस हे पटत नसेल त्यांनी पाण्याने अर्धी भरलेली परात उचलून अंगणातून चालून पाहावे. हा प्रयोग आम्ही वर्गात केला आहे. पहिल्या दोन बाकांवरील मुले भिजली आणि तो धडा मात्र कोणी विसरले नाही. म्हणून होडीच्या तळाची फळी पाण्याच्या पातळीहून वर असून पाणी आपोआप बाजूच्या भोकांतून जाईल तर उत्तम. ते जमत नसेल तर मोठ्या तोंडाचा उपसायचा डबा दोरीने बांधलेला असावा. दोरी नसेल तर पहिल्या लाटेबरोबर डबाच जातो.

आता त्या प्रश्नाकडे येऊ, जो दोन्ही कागदांवर नव्हता. भरलेली होडी तरंगेल काय?

सातवीचे शास्त्र येथे पुरते. आंब्याचे लाकूड पाण्याहून हलके. पाचशे किलोची लाकडी होडी पूर्ण बुडविली तर साडेसातशे लिटरांच्या आसपास पाणी बाजूस सारते, आणि आपले वजन सांभाळून अडीचशे किलोंचा भार उचलून धरते. त्या तिघांस त्या सकाळी याच अडीचशे किलोंनी धरून ठेवले. फायबरचे विशिष्ट गुरुत्व सुमारे दीड. पाचशे किलो फायबर बुडाल्यावर ३३३ लिटर पाणी सारतो. समुद्राच्या पाण्याच्या हिशेबाने त्यास ३४१ किलोंचा उचल मिळतो आणि सुमारे १६० किलो वजन खाली ओढणारे उरते. त्यात इंजिनाचे तीसेक, नांगराचे पंधरा. माणसे पाण्यात अर्धी बुडून होडीस धरून राहणार, त्यांचे प्रत्येकी पंचवीस धरले तरी चौघांचे शंभर. बेरीज तीनशेच्या वर जाते. एवढा भार उचलण्यास निदान तीनशे लिटर हवाबंद जागा अथवा फोम लागणार, आणि जाळ्यातील शिशाचा व वर्षानुवर्षे मुरणाऱ्या पाण्याचा विचार करता साडेचारशे लिटर धरलेले बरे. यात कसलेही गूढ नाही. परंतु जो माणूस आयुष्यभर लाकडाच्या होडीत वावरला आहे त्यास भरलेली होडी तळाशी जाईल ही कल्पनाच नसते. होडी सोडू नका, ती तरंगते, हे त्याने मुलांस शिकविलेले असते. फायबरच्या होडीत ही शिकवण फोमावाचून खोटी ठरते.

आम्ही दोन्ही कारखानदारांस फोन केला. पहिला म्हणाला, "आमची होडी बुडतच नाही, सर." किती लिटर फोम आहे असे विचारता त्याने इंजिनाच्या सवलतीची माहिती दिली. दुसऱ्याने आढेवेढे न घेता सांगितले की पुढच्या फळीखाली फोम आहे, किती ते मोजलेले नाही. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी होडी पाण्याने भरून पाहू असे आम्ही सुचविले. पहिल्याने नकार दिला. दुसऱ्याने थोडे कुरकुरून होकार दिला. सव्वा लाखाचा फरक सोसणे त्या कुटुंबास सोपे नव्हते. घरात दोन दिवस वाद झाला असे मुलाने सांगितले. अखेर आजोबांनी निकाल दिला, आणि इंजिन लहान घेऊन काही पैसे वाचविले. सरकारी अर्थसाहाय्याच्या योजनांविषयी आम्ही येथे लिहीत नाही. त्यांचे नियम बदलत असतात आणि ते मत्स्यखात्याच्या कचेरीत विचारलेले बरे.

परीक्षा नदीत धक्क्याजवळ छातीभर पाण्यात, भांगाच्या दिवशी केली. इंजिनाच्या जागी तेवढ्या वजनाचे लोखंड बांधले. दगड बांधू नयेत. दगडाचे वजन पाण्यात तिसऱ्या हिश्शाहून अधिक कमी होते आणि हिशेब फसतो. मग चार माणसे आत बसली आणि बादल्यांनी होडी भरली. ती बुडाली नाही. पण नाळ आकाशाकडे गेली, पाठ पाण्याखाली गेली, आणि चारही माणसे घसरत मागे आली. सर्व फोम पुढे आणि सर्व वजन मागे, याचा दुसरा परिणाम काय होणार? लाटेत ती होडी बाटलीसारखी उभी राहिली असती आणि तिला धरावयास जागाच उरली नसती.

कारखानदार, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे, स्वतः पाण्यात उतरला होता. त्याने होडी परत नेली आणि मागच्या भागात दोन्ही काठांलगत लांब बंद पेट्या करून त्यांत फोम भरला. फोम तळाशी भरण्यापेक्षा दोन्ही बाजूंस व वरच्या अंगास असलेला चांगला, कारण भरलेली होडी कलू लागली की खाली जाणारी बाजू आपोआप उचलली जाते; उलांडीचेच तत्त्व हे. त्याने प्रथम थर्मोकोल घालण्याचे ठरविले होते. थर्मोकोल पेट्रोलमध्ये विरघळतो आणि फायबरच्या ओल्या राळेनेही खाल्ला जातो, म्हणून पाणी न शोषणारा बंद छिद्रांचा फोम घालावा लागला. ज्यांची होडी आधीच घेतलेली आहे आणि फोम नाही, त्यांनी घट्ट बुचाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन काठाखाली दोन्हीकडे पक्के बांधले तरी काम पुष्कळसे होते. वीस लिटरांचे वीस कॅन म्हणजे चारशे लिटर. दिसावयास बरे दिसत नाही. अशा न बुडणाऱ्या लहान होड्यांचे प्रयत्न आपल्याकडे नवे नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या बंगाल उपसागर कार्यक्रमाने १९७९ पासून मद्रास येथे राहून पूर्व किनाऱ्याच्या फुटत्या लाटांतून वाळूवर उतरणाऱ्या होड्यांवर बरेच काम केले. पश्चिम किनाऱ्याच्या कारखानदारांनी ते पाहावयास हवे होते असे आम्हांस वाटते.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात. इंजिनास एक लाल दोरी येते. तिचे दुसरे टोक चालविणाऱ्याच्या मनगटास बांधले तर तो पाण्यात पडताच इंजिन बंद होते. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालील मोटारहोड्यांत ती वापरणे सक्तीचे झाले. आपल्याकडे ती बहुधा इंजिनाच्या पिशवीतच राहते. दुसरी बाब संदेशाची. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' वादळ अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले त्या वेळी कोकण किनाऱ्यावरील कित्येक मच्छीमार परतले नाहीत. खोल पाण्यातल्या पुष्कळांस सूचना पोहोचलीच नव्हती. आता उपग्रहामार्फत संकटाचा संदेश देणारी यंत्रे निघाली आहेत. लांब जाणाऱ्याने ते घ्यावे. आणि होडीचा आतला भाग भगवा अगर पिवळा रंगवावा. निळी होडी फोटोत शोभते आणि शोधणाऱ्यास दिसत नाही.

दुसरी परीक्षा ऑक्टोबरात झाली. या वेळी होडी सपाट राहिली; काठ पाण्याबाहेर चार-पाच इंच होते आणि चौघे आत बसून एकमेकांवर पाणी उडवीत होते. आजोबा धक्क्यावर उभे होते ते काही बोलले नाहीत, मात्र खाली वाकून त्यांनी काठावर हाताने दोनदा जोर देऊन पाहिला. बाहेरचे पाणी त्या दिवशी जेथपर्यंत आले होते तेथे आमच्या विद्यार्थ्याने आतल्या बाजूने तांबड्या रंगाची रेघ ओढली. होडीचा आता तिसरा हंगाम चालू आहे. दर वर्षी रंग देताना ती रेघ पुन्हा ओढतात, कारण तिच्याखालच्या पेट्यांस खिळा मारावयाचा नाही हे नव्या खलाशास त्यावरून कळते. खिळ्याच्या भोकातून फोमात पाणी मुरते, आणि ते बाहेरून दिसत नाही.